कोल्हापुरातली हृदयजनुकांची तपासणी : प्रयोगशाळा चोख, अहवाल अर्धवट

लाँग क्यूटी या हृदयविकारासाठी केली जाणारी जनुकीय पॅनेल तपासणी, म्हणजे अनेक जनुके एकदम वाचणारी तपासणी, आता कोल्हापुरात बसल्या जागी करून मिळते. रक्त राजारामपुरीतल्या संकलन केंद्रात घेतले जाते, नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जातो आणि काही आठवड्यांनी अहवाल मोबाइलवर येतो. आमच्या घरातल्या एका मुलासाठी ही सेवा नुकतीच घेतली. माझे नोकरीचे आयुष्य महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात गेले असल्यामुळे अहवालाचे प्रत्येक पान मी वाचले आणि त्यातल्या एका जनुकाच्या मांडणीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे असे वाटले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते नावावाचूनही समजण्यासारखे आहे आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीचा अहवाल हातात असलेल्या वाचकालाही ते उपयोगी पडावे.

तपासणी ज्याच्यासाठी केली तो माझा भाचा. नुकताच बारावी झाला आहे, पहाटे तालमीत जातो आणि उन्हाळ्यात सगळ्या पोरांबरोबर पंचगंगेत पोहायलाही जातो. तिथेच त्याला पाण्यात घेरी आली आणि सोबत्यांनी धरून घाटावर आणले. ईसीजीमध्ये क्यूटीचे अंतर काठावर निघाले. हृदयाचा खालचा कप्पा आकुंचन पावण्यापूर्वी विजेने भारित होतो आणि नंतर पुन्हा पूर्वस्थितीला येतो, त्या संपूर्ण अवधीचे मोजमाप म्हणजे क्यूटी. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला हा आकडा साधारणपणे पुरुषांमध्ये ४५० आणि स्त्रियांमध्ये ४६० मिलिसेकंदांपर्यंत सामान्य धरतात, ४८० च्या पुढे शंका बळावते आणि ५०० च्या पुढे धोका स्पष्टच असतो. पोहताना शुद्ध हरपणे ही या आजाराच्या पहिल्या प्रकाराची जुनी, ठरलेली खूण आहे. दुसऱ्या प्रकारात गजराच्या घड्याळासारखा अचानक आलेला आवाज निमित्त ठरतो, तर तिसऱ्यात झोपेतच धोका संभवतो. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांनी जनुकीय तपासणी सुचवली ती हौसेखातर नव्हती; दोन हजारांत सुमारे एका नवजात बाळात आढळणारा हा आजार वेळीच ओळखला तर बीटा ब्लॉकरसारख्या साध्या, स्वस्त गोळीने बहुतेकांचा धोका बराच कमी करता येतो.

संकलन केंद्राबद्दल तक्रारीला जागा नाही. रक्त घेणारी मुलगी हाताने निष्णात होती, संमतीपत्र मराठीत होते, आणि जांभळ्या टोपणाच्या नळीवर चिकटवलेल्या पट्टीवरचे नाव, जन्मतारीख व बारकोड तिने भाच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतले. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण जनुकीय तपासणीत नमुन्यांची अदलाबदल झाली तर पुढचे सगळे यंत्रसामर्थ्य मातीमोल होते. शुल्क पाच आकडी आहे, ते आगाऊ भरावे लागते आणि हप्त्यांची सोय नाही. अहवाल सांगितलेल्या मुदतीत आला. प्रत्येक जनुकाचा किती भाग किती वेळा वाचला गेला, याचा तक्ता शेवटच्या पानांवर दिला होता. प्रयोगशाळेचे काम कसोशीचे आहे हे त्यावरून कळते. कोणती औषधे अशा रुग्णाने टाळावीत याची यादीही सोबत होती. अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, ओन्डॅनसेट्रॉन, हॅलोपेरिडॉल अशी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी नावे तिच्यात होती. ताईने ते पान वेगळे काढून ओळखीच्या औषध दुकानदाराकडे नेऊन दिले. पूर्ण अहवालातले सर्वांत उपयोगी पान कोणते असे विचारले तर मी हेच दाखवीन.

गडबड आहे ती पहिल्या पानावर. तिथे एक चौकट आहे आणि चौकटीत ठळक अक्षरांत जनुकाचे नाव, एकेएपी-९. त्यापुढे ‘लाँग क्यूटी सिंड्रोम, प्रकार ११’. त्याखाली, बऱ्याच बारीक टायपात, ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’, म्हणजे आजार घडवतो की नाही हे अजून ठरलेले नाही असा बदल. केसीएनक्यू-१, केसीएनएच-२ आणि एससीएन-५ए या तीन मुख्य जनुकांमध्ये काहीही दोष आढळला नाही, ही खरी मोठी बातमी मात्र आतल्या पानावरच्या तक्त्यात, पॅनेलमधल्या इतर सर्व जनुकांच्या रांगेत, एका ओळीत आटोपली आहे. दाजींनी अहवाल उघडला तेव्हा त्यांना दिसले ते एवढेच, की मुलाला अकराव्या प्रकारचा आजार आहे. त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही, आणि सकाळी तालमीतल्या वस्तादांना निरोप गेला की पोरगा आता येणार नाही.

हे जनुक नेमके काय करते ते पाहिल्यावाचून या चौकटीला किती किंमत द्यायची ते ठरत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एकेएपी-९ हे माणसाच्या सातव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे. त्यावरून घडणारे प्रथिन स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया घडवून आणत नाही. ते नांगर प्रथिनांच्या कुळातले आहे, आणि पेशीतला संदेश जिथे पोहोचायला हवा तिथेच त्याची सामग्री धरून ठेवणे हे या कुळाचे काम. भीती वाटली, धाव घेतली किंवा थंड पाण्यात उडी मारली की अ‍ॅड्रेनालिन उसळते. हृदयपेशीच्या आवरणावरचा ग्राही ते ओळखतो आणि पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होतो. या रेणूच्या कार्याचा उलगडा केल्याबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल मिळाले. सायक्लिक एएमपी प्रथिन काइनेज-ए या विकराला जागे करतो आणि तो विकर इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा गट चढवतो. असा गट चढवणे आणि पुन्हा उतरवणे हीच पेशीतल्या नियंत्रणाची सर्वत्र चालणारी रीत आहे, हे दाखवणाऱ्या एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांना १९९२ चे नोबेल मिळाले.

आता अडचण अशी, की एकच सायक्लिक एएमपी आणि एकच काइनेज पेशीत शेकडो ठिकाणी शेकडो कामे करू शकतात. त्यांना मोकळे सोडले तर सगळीकडे एकच गोंधळ होईल. गुजरीतला सोनार चिमटा, कानस आणि फुंकणी हातापासून वीतभर अंतरावर मांडून बसतो, तशी मांडणी पेशीत नांगर प्रथिने करून देतात. हृदयाच्या पेशीत या जनुकाचे योटियाओ नावाचे आखूड रूप केसीएनक्यू-१ या पोटॅशियम वाहिनीला दोन जागी धरते, आणि त्याच वेळी काइनेज-ए, फॉस्फेट उतरवणारा फॉस्फेटेज-१ आणि सायक्लिक एएमपी मोडून टाकणारा फॉस्फोडायएस्टरेज, या तिघांनाही वाहिनीला खेटून बसवते. म्हणजे चालू करणारा, बंद करणारा आणि संदेशच पुसून टाकणारा असे तिघे एका ठिकाणी. अ‍ॅड्रेनालिन आले की वाहिनीच्या सत्ताविसाव्या स्थानावरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढतो, पोटॅशियमचा बाहेर जाणारा प्रवाह वाढतो आणि हृदयपेशी लवकर पूर्वस्थितीला येते. नाडी जलद झाल्यावर क्यूटी आखडणे आवश्यक असते, नाहीतर मागचा ठोका पुरता निवण्याआधीच पुढचा येऊन आदळतो. योटियाओ नसेल तर वाहिनी असते, काइनेजही असतो, पण संदेश वाहिनीपर्यंत परिणामकारकपणे पोहोचत नाही. योटियाओ प्रथम १९९८ मध्ये मेंदूतल्या एका ग्राहीला चिकटणारे प्रथिन म्हणून सापडले आणि हृदयातली त्याची ही भूमिका २००२ मध्ये प्रकाशात आली. पोहताना किंवा धावतानाच शुद्ध का हरपावी, या प्रश्नाचे याहून सुंदर रेणवीय उत्तर मला तरी वर्गात देता आलेले नाही.

मात्र एखादी यंत्रणा सुंदर आहे म्हणून तिच्या जनुकातला प्रत्येक बदल आजार घडवतो, असे होत नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ज्ञात जनुकांत दोष न सापडलेले लाँग क्यूटीचे ५० रुग्ण तपासले. त्यांपैकी एकाच्या योटियाओमध्ये १५७० व्या स्थानावर सेरीनऐवजी ल्यूसीन आढळले. हा बदल वाहिनीला धरण्याच्या जागेलगत होता. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये त्याने योटियाओची वाहिनीवरची पकड सैल केली आणि सायक्लिक एएमपीला मिळणारा प्रतिसाद नाहीसा केला. प्रयोग उत्तम होता, पण रुग्ण एक होता. तेवढ्यावर ‘प्रकार ११’ हे नाव रूढ झाले आणि जगभरच्या पॅनेलांत हे जनुक जाऊन बसले. पुढे २०२० मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने लाँग क्यूटीशी जोडलेल्या १७ जनुकांचा पुरावा नव्याने तपासला. नेहमीच्या स्वरूपातल्या आजारासाठी तीनच जनुके निःसंशय ठरली, आणि ती म्हणजे वर सांगितलेली तीन. लहानपणीच दिसणाऱ्या वेगळ्या, तीव्र स्वरूपासाठी कॅल्मोड्युलिनची तीन जनुके आणि ट्रायडिन यांना भक्कम पुरावा मिळाला. उरलेल्यांपैकी नऊ जनुकांचा पुरावा मर्यादित किंवा विवाद्य ठरवला गेला आणि एकेएपी-९ त्या नवांत आहे.

पुनर्मूल्यांकनाची ही गोष्ट आमच्या अहवालात एका शब्दाने नाही. २००७ च्या शोधाचा दाखला आहे, २०२० चा नाही. पॅनेलमध्ये जनुके जास्त असली की जाहिरातीत आकडा मोठा दिसतो, हे व्यापाराच्या दृष्टीने मला समजते. पण ज्या जनुकाचा पुरावा विवाद्य ठरला आहे त्याचे नाव पहिल्या पानावर ठळक छापायचे असेल तर त्याच चौकटीत तो वादही छापला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या कुटुंबसमूहात, जिथे केसीएनक्यू-१ चा दोष मुळातच आहे, तिथे एकेएपी-९ मधल्या काही बदलांमुळे आजाराची तीव्रता कमी-अधिक होते असे दिसले आहे. तेव्हा हे जनुक टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. मुख्य दोष असलेल्या माणसात त्याचा विचार करणे आणि मुख्य दोष नसलेल्या मुलाच्या माथी त्याच्या नावाचा आजार मारणे यांत फरक आहे, इतकेच.

दुसरी उणीव याहून तांत्रिक आहे, पण मला ती जास्त गंभीर वाटते. एकाच जनुकाचा मजकूर वेगवेगळ्या तऱ्हेने जोडला जाऊन त्यातून लहान-मोठी प्रथिने घडतात. एकेएपी-९ चे लांब रूप सुमारे ३,९०० अमिनो आम्लांचे आहे. ते पेशीच्या तारककेंद्रावर आणि गॉल्जी पिंडावर बसून सूक्ष्मनलिकांच्या उभारणीस मदत करते. योटियाओ हे त्याच्या सुरुवातीच्या भागातून घडणारे आखूड रूप, सुमारे १,६०० अमिनो आम्लांचे. भाच्याच्या अहवालातला बदल तीन हजारांच्या पुढच्या स्थानावर आहे, म्हणजे योटियाओमध्ये जो भाग येतच नाही त्या भागात. लाँग क्यूटीशी या जनुकाचा जो काही संबंध दाखवला गेला, तो योटियाओच्या आणि वाहिनीच्या पकडीतून. मग त्या पकडीच्या बाहेरच्या बदलाला ‘प्रकार ११’ च्या शीर्षकाखाली मांडण्याला आधार कोणता, हे अहवालाने सांगायला हवे होते. तिथे फक्त लांब रूपाचा संदर्भक्रमांक दिला आहे. सर्वसामान्य वाचकाला किंवा धावपळीतल्या डॉक्टरांनाही त्यावरून हे कळणार नाही.

परिशिष्टात जनुकाशी ‘संबंधित आजार’ म्हणून थायरॉइडच्या कर्करोगाचेही नाव आहे, आणि ताईचा धीर तिथे पुरता सुटला. वस्तुस्थिती अशी, की चेर्नोबिलच्या किरणोत्सर्गानंतर झालेल्या काही थायरॉइड गाठींमध्ये सातव्या गुणसूत्राचा तुकडा उलटा होऊन एकेएपी-९ हे बीआरएएफ या जनुकाला जोडले गेलेले आढळले होते. ती तोडजोड गाठीच्या पेशींमध्ये आयुष्यात नंतर घडलेली असते, आईबापांकडून आलेली नसते, आणि भाच्याच्या रक्तात सापडलेल्या बदलाशी तिचे काहीही नाते नाही. माहितीकोशातून उचललेली यादी माणसाने न वाचता छापली की असे होते.

शुल्कात समुपदेशनाचे एक सत्र अंतर्भूत आहे. ते फोनवर झाले. समुपदेशक तरुण बाई होत्या, विषयाच्या जाणकार होत्या आणि त्यांनी अत्यंत शांतपणे ऐकून घेतले, पण बोलणे हिंदी-इंग्रजीत होते आणि वेळ तुटपुंजा होता. कुटुंबवृक्ष काढताना त्यांनी आजोळची माहिती विचारली, मात्र नात्यात लग्ने झाली आहेत का हे विचारले नाही. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही कालपरवापर्यंत रूढ गोष्ट होती आणि अजूनही ती संपलेली नाही. लाँग क्यूटीचे एक दुर्मीळ रूप, ज्यात जन्मजात बहिरेपणही असते, दोन्ही पालकांकडून दोषपूर्ण प्रत आल्यावरच उद्‌भवते, आणि अशा आजारांची शक्यता नात्यातल्या लग्नांमुळे वाढते. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुटुंबाला हा प्रश्न पहिल्या पाचांत विचारला गेला पाहिजे. आईवडिलांची त्या एका बदलापुरती तपासणी नंतर कमी शुल्कात करून मिळाली, ही मात्र चांगली सोय आहे. तोच बदल ताईतही निघाला. तिचा ईसीजी पूर्णपणे सामान्य आहे आणि तिला आयुष्यात कधी घेरी आलेली नाही. एवढ्याने बदल निर्दोष ठरत नाही, पण पारडे त्या बाजूला झुकते.

अशा बदलाचे मोल ठरवताना तो निरोगी लोकांत किती वेळा आढळतो हे पाहतात. त्यासाठी अहवालाने परदेशी माहितीकोशाचा आधार घेतला आहे आणि तिथे भारतीय उपखंडातल्या लोकांचे प्रमाण तोकडे असते. आपल्याकडे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या इंडिजेन प्रकल्पाने हजाराहून थोडे अधिक भारतीयांचे जनुकसंच वाचले, आणि जीनोम इंडिया प्रकल्पाची दहा हजार जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. भारतीय रुग्णाकडून भारतीय शुल्क घेणाऱ्या सेवेने यांपैकी काही तपासले की नाही, हे अहवालात नोंदवणे अवघड नव्हते.

हृदयरोगतज्ज्ञांनी अहवाल पाहिला, बाजूला ठेवला आणि भाच्याला ट्रेडमिलवर चढवले. व्यायाम थांबवल्यानंतर चौथ्या मिनिटाचा क्यूटी ते पाहतात. तिथे ४८० किंवा अधिक आकडा आला तर आजाराच्या निदानाला बळ मिळते. भाच्याचा आकडा ४८० च्या बराच खाली राहिला. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत घेतलेला ईसीजी, आणि आईवडिलांचे ईसीजी झाल्यावर त्यांनी लाँग क्यूटीचे निदान केले नाही. एकट्याने पोहायचे नाही, यादीतली औषधे विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत आणि ठरलेल्या अंतराने ईसीजी काढायचा, एवढ्या अटींवर त्यांनी तालमीची परवानगी दिली. वस्तादांनी त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली, हे मला फार आवडले.

ही सेवा घ्यावी का, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलेल. घरात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असेल, ईसीजीत क्यूटी स्पष्टपणे वाढलेला असेल किंवा कुटुंबातल्या कोणात मुख्य तीन जनुकांपैकी एकाचा दोष आधीच सापडला असेल, तर अवश्य घ्यावी. नमुन्याची हाताळणी आणि वाचनाची गुणवत्ता या दोन्हींत ती उत्तम आहे. ईसीजी काढलेलाच नाही आणि नुसती मनाची शंका आहे, अशा माणसाने आधी शंभर-दोनशे रुपयांचा ईसीजी काढून तो हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावा. तपासणी करायचीच झाली तर नमुना देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागाव्यात : पॅनेलमधल्या कोणत्या जनुकांचा पुरावा निःसंशय आहे आणि कोणत्यांचा विवाद्य, याची यादी, आणि अर्थ अनिश्चित असलेला बदल सापडला तर तो अहवालात कुठे व कोणत्या शब्दांत छापला जाईल, याचा नमुना. प्रयोगशाळेच्या कामाला मी पाचापैकी साडेचार गुण देईन, संकलन केंद्राला पाच, समुपदेशनाला तीन आणि अहवालाच्या पहिल्या पानाला एक.

वरील आक्षेप मी कंपनीला ईमेलने कळवले. उत्तर सभ्य आले. २०२० चे पुनर्मूल्यांकन त्यांना ठाऊक आहे आणि पुढच्या आवृत्तीत जनुकांची वर्गवारी दाखवण्याचा विचार आहे, असे त्यांनी लिहिले. बदल योटियाओच्या बाहेर आहे या मुद्द्यावर मात्र उत्तरात काही नाही. मूळ माहितीची फाइल वेगळ्या शुल्काने मिळते आणि काही काळानंतर एकदा मोफत पुनर्विश्लेषण करून मिळते. त्या पुनर्विश्लेषणासाठी रुग्णालाच अर्ज करावा लागतो, कंपनी आपणहून कळवत नाही, म्हणून ताईने ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे.